रिकिबीचा मान

रिकीब या विषयावर अधिकारवाणीनं बोलू शकेल असा अख्ख्या मराठवाड्यात एकच माणूस आहे, आणि तो घोड्याला घाबरतो. तो माणूस मी.

रिकीब म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. हल्ली ते कुणाला माहीत नसतं आणि माहीत नसल्यामुळे कुणाचं काही अडतही नाही. खोगिराच्या दोन्ही बाजूंना ज्या लोखंडी कड्या लोंबतात, ज्यांत घोडेस्वार पाय अडकवतो, त्या रिकिबी. बखरी, पोवाडे आणि जुन्या ऐतिहासिक कादंबऱ्या या शब्दानं नुसत्या खुळखुळत असतात. प्रकरणाच्या पहिल्या ओळीत नायक रिकिबीत पाय ठेवतो आणि दुसऱ्या ओळीत तो थेट गडाच्या दरवाजात हजर! (मधल्या सगळ्या वाटेत घोड्याला कुणी घोटभर पाणी पाजल्याचा उल्लेख मला एकाही कादंबरीत सापडला नाही.) मी नांदेडला एका कॉलेजात मराठी शिकवतो. शिकवून उरलेल्या वेळात, म्हणजे जवळजवळ पूर्ण वेळ, मी 'जुन्या मराठी वाङ्मयातील रिकीब' नावाचा शोधनिबंध लिहिला. तो कॉलेजच्या वार्षिकांकात छापून आला आणि दोघांनी तो शेवटपर्यंत वाचला. एक मी आणि दुसरा मुद्रितशोधक. त्या बिचाऱ्याचं ते पोटाचं काम होतं.

"अहो, त्यापेक्षा हेल्मेटावर लिहिलं असतं, तर चार लोकांचे जीव तरी वाचले असते," बायको म्हणाली. आमच्या घरात समीक्षेची परंपरा ही अशी आहे.

आता माझ्या अक्काविषयी. अक्का माझी थोरली बहीण. ती रेणापूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. भाऊजी लवकर गेले. तेव्हा पल्लवी, म्हणजे तिची एकुलती एक लेक, अजून फ्रॉकात होती. अक्कानं कुणापुढं हात पसरला नाही, कुणाचं ऐकून घेतलं नाही, आणि पोरीला शिकवून तिला औषधाच्या कंपनीत नोकरीला लावलं. पुढं पल्लवीचं लग्न ठरलं. मुलगा योगेश, लातूरला बँकेत. माणसं मुरुडची, आडत दुकानवाली. साखरपुड्याच्या दिवशी लातूरच्या कार्यालयात शिरण्याआधी अक्कानं मला चपलांच्या ढिगाऱ्यापाशी बाजूला घेतलं.

"दत्तू, माझ्या पोरीचं एवढं एक नीट पार पडू दे. मला दुसरं काही नको."

"अक्का, मी आहे ना!"

"तू हायस म्हणूनच सांगून राहिले. तू निस्तं हसायचं. बोलायचं न्हाई."

मी कबूल झालो. जेवणाच्या पंक्तीपर्यंत मी इतका हसलो की मुलाकडच्या एका बाईंनी पल्लवीला हळूच विचारलं, "मामांना काही तरास हाय का?" सगळं सुरळीत चाललं होतं. पण मुलाच्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, घात केला. त्यांनी माइक घेतला आणि म्हणाले, "आपल्यात नांदेडचे प्राध्यापक हायत. त्यांनी दोन शब्द बोलावं."

दोन शब्द बोलून खाली बसणारा प्राध्यापक अजून जन्माला यायचा आहे. मी उठलो. अक्कानं डोळे मिटून घेतले. मी शुभेच्छा दिल्या, मग परण्यावर आलो. (लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो, तो परण्या.) परण्यावरून घोड्यावर आलो, आणि एकदा घोडा आल्यावर रिकीब किती लांब असणार? मी सांगितलं की जुन्या वाङ्मयात मोठा माणूस घोड्यावर चढताना त्याची रिकीब धरायला मिळणं हा केवढा सन्मान असे, त्यासाठी माणसं कशी झटत असत. टाळ्यांचा कडकडाट झाला. तो पंगत मांडली म्हणून झाला, हे मला नंतर कळलं.

तात्यांना मात्र ते काळजाला लागलं. तात्यांची ओळख करून द्यायची तर, सोयाबीनचा भाव पडला तर हा माणूस एक वेळ सोसेल, पण लग्नात टॉवेल-टोपी आधी कुणाला आणि नंतर कुणाला यात उन्नीस-बीस झालेलं सोसणार नाही. मानपान हा त्यांचा धर्म. त्या धर्माचं चालतंबोलतं दैवत म्हणजे त्यांचे थोरले जावई. ते किल्लारीकडचे. सगळे त्यांना दाजी म्हणत. रुसणं हा दाजींचा मुख्य व्यवसाय आणि शेती हा जोडधंदा. स्वतःच्या लग्नात ते कशावरून तरी रुसले होते, ते कारण सगळे विसरून गेले, दाजी अजून रुसलेले आहेत.

आठवडाभरात तात्यांचा फोन आला.

"सर, रिकीब कुणी धरायची?"

"कसली रिकीब?"

"परण्याला हो! तुमीच म्हणलाव ना, लई मोठा मान आसतो म्हणून. एवढा मान आमच्या घरात आजवर कुणालाच दिल्या गेला न्हाई, याचंच मला वाईट वाटून राहिलंय."

"तात्या, ते जुन्या काळातलं आहे…"

"जुनं तेच खरं! नव्यात काय ठिवलंय?"

मी त्याच वेळी 'ते सगळं विसरा' असं म्हणायला हवं होतं. पण तुम्ही माझ्या जागी येऊन बघा. इतकी वर्षं मी रिकीब रिकीब करत होतो आणि स्टाफरूममध्ये माझी चाहूल लागली की लोक फोन कानाला लावून बाहेर निघून जात. आता मुरुडहून माणूस आपण होऊन विचारत होता! मग मुलाच्या चुलत्यांचा फोन आला. मग मुलाच्या मामांचा. मग तात्यांच्या एका मित्राचा, जे कोणे एके काळी सरपंच होते. प्रत्येकाला रिकीब हवी होती आणि प्रत्येकाला माझ्याकडून शास्त्राधार हवा होता. मी प्रत्येकाला आधार दिला. चुलत्यांना पोवाड्यातला दिला, मामांना बखरीतला. शेवटी दाजींचा फोन आला.

"सर, तुमचं ते पुस्तक हाय म्हणं रिकिबीवर. एक प्रत पाठवा. वाचावं म्हणतो."

माझे डोळे भरून आले. निबंधाला तिसरा वाचक मिळाला होता. मी त्याच दिवशी झेरॉक्स काढून, वर 'सप्रेम' लिहून, प्रत किल्लारीला पाठवली.

तात्यांनी शेवटी कौल दाजींच्या बाजूनं दिला आणि कुणाला बोलायला जागा राहू नये म्हणून तो थेट पत्रिकेत छापला. 'परण्या: सकाळी. रिकिबीचा मान: आमचे थोरले जावई, किल्लारी.' एवढ्यावर थांबले असते तर ते तात्या कसले! लातूरच्या सराफाकडून त्यांनी चांदीची रिकीब घडवायला टाकली. सराफानं जन्मात रिकीब पाहिली नव्हती, म्हणून त्यांनी माझ्याकडून चित्र मागवलं. माझी चित्रकला शाळेतच सुटलेली. मी काढलं ते चित्र आणि सराफाला त्यातून जे कळलं ते, या दोन्हींच्या संयोगातून जी वस्तू तयार झाली, ती आमच्या घरच्या चहाच्या गाळणीसारखी दिसत होती.

"दत्तू, हे काय काढून ठिवलंस?" अक्काचा फोन.

"अक्का, ही संस्कृती आहे."

"संस्कृती नांदेडात ठिव. हितं लगीन हाय माझ्या घरी."

लग्न रेणापूरला होतं. सकाळी मी नवा झब्बा घालून जानोशाच्या दारात उभा होतो. मुलाकडच्यांना जिथं उतरवलं होतं तिथं. तेवढ्यात किल्लारीची जीप येऊन थांबली. दाजी उतरले. हातात माझी झेरॉक्स. आमच्या दुर्दैवानं येताना वाटेत मोबाईलला रेंज नव्हती आणि करायला दुसरं काही नव्हतं म्हणून दाजींनी निबंध खरोखरच वाचला होता! संशोधकाला याहून मोठा धोका नाही.

"सर, हे काय लिवलंय हितं?"

"कुठं?"

"हितं. 'रिकीब धरणारा हा सामान्यतः दर्जानं खालचा असे. हे काम पुष्कळदा मोतद्दाराकडे असे.' मोतद्दार म्हंजे कोण?"

"म्हणजे… घोड्याची निगा राखणारा. खरारा करणारा वगैरे."

"नोकर?"

"दाजी, तो संदर्भ वेगळा आहे. एका अर्थानं नोकर, पण वाङ्मयीन दृष्टीनं पाहिलं तर…"

"म्हंजे मी नोकर! ह्या घरचा थोरला जावई, आन् बारक्या मेव्हण्याचा मोतद्दार! आन् तेबी पत्रिकेत छापून!" दाजींनी झेरॉक्स माझ्या हातात कोंबली. "तुमी शिकलेली माणसं लई गोड बोलून जोडे मारताव हो सर." ते परत जीपमध्ये जाऊन बसले. काच वर गेली. आतून दार बंद झाल्याचा आवाज आला.

पुढच्या पाच मिनिटांत 'खालचा दर्जा' हा शब्द सगळ्या जानोशात फिरला. काल रिकिबीसाठी जीव टाकणारी माणसं आज तिच्याकडं पाठ करून उभी राहिली. चुलत्यांचा गुडघा अचानक धरला. मुलाच्या मामांना कुणीतरी अर्जंट बोलावलं. माजी सरपंच म्हणाले, "मी आलो आसतो, पर आमचं समाजात जरा नाव हाय." चांदीची गाळणी तबकात झेंडूच्या हारासकट तशीच पडून राहिली.

"तात्या, मग रिकीब राहू द्या ना," मी म्हणालो. "नुसताच परण्या काढू."

"राहू द्या?" तात्यांचा आवाज चढला. "सर, पत्रिकेत छापलंय! साऱ्या मुरुडाला म्हाईत हाय. रिकीब धरल्याबिगर घोडी हालणार न्हाई. घोडी हालल्याबिगर परण्या न्हाई, आन् परण्याबिगर आमच्यात लगीन लागत न्हाई. बगा आता."

मुहूर्त जवळ येत चालला होता. अक्का कार्यालयातून धावत आली होती. तिला सगळं कळलं होतं. ती माझ्यावर ओरडेल असं मला वाटलं, लहानपणापासून तिच्या ओरडण्याची मला सवय आहे. ती ओरडली नाही. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं आणि पदराचं टोक तोंडाशी धरलं. एवढी वर्षं जिनं कुणापुढं डोळ्यांतून पाणी काढलं नाही, ती भर रस्त्यात, माझ्या एका निबंधापायी, रडण्याच्या बेतात होती. 

"मी धरतो," मी म्हणालो. "मुलीचा मामा धरतो रिकीब. मी दर्जानं कुणापेक्षाही खालचा आहे, चालेल?"

"आता कसं बोललाव!" तात्या म्हणाले. एवढ्या पटकन कुणी माझ्याशी सहमत झाल्याचं मला आठवत नाही.

मग मी पहिल्यांदा घोडीकडं बघितलं. पांढरी, उंच, डोक्यावर तुरा, पाठीवर आरशांची झूल. नाव बिजली. तिचा मालक बाबूभाई लातूरचा. तो घोडीच्या आणि स्वतःच्या केसांना एकाच बाटलीतलं तेल लावत असावा, दोघंही सारखेच चमकत होते.

"बाबूभाई, रिकीब कुठं आहे?"

"वो पायडल? एक है ना सर."

"दुसरी?"

"टूट गई. एक बस होती. नवरदेव कौनसी रेस को जारा?"

"ही लाथ वगैरे मारत नाही ना?"

"डरो नको सर, गाय है गाय!" (मी खेड्यात वाढलो आहे. गाईनं मला दोनदा मारलं आहे.)

योगेशला वर चढवलं. त्यानं खाली वाकून माझ्या कानात सांगितलं, "मामा, मला घोड्याची भीती वाटते."

"मग बसलास कशाला?"

"तात्यांनी छापलंय ना."

त्या क्षणी मला हा मुलगा फार आवडला. तात्यांनी नारळ फोडला. चांदीची गाळणी लोखंडी रिकिबीला सुतळीनं बांधली, वर झेंडूचा हार घातला, मी दोन्ही हातांनी रिकीब धरली, आणि बँडवाल्यांनी सुरुवात केली. घोडी दहा पावलं झकास चालली. मग बेकरीपुढं आली आणि एकदम थांबून नाचायला लागली.

साधंसुधं नाचली नाही. पुढचा उजवा पाय, पुढचा डावा पाय, मान खाली, मान वर, मग गोल गिरकी. मी गिरकीच्या बाहेरच्या अंगाला. मी घाबरून रिकीब घट्ट ओढून धरली, तर ती आणखी जोरात नाचली. मी आणखी घाबरलो, आणखी ओढली. हळूहळू माझ्या ध्यानात आलं की या घोडीला शिकवणच तशी आहे: रिकीब ओढली की नाच! वाङ्मयात ही नोंद कुठंही नाही. पण ध्यानात येऊन उपयोग काय? सोडली तर मान जाणार आणि धरली तर प्राण.

"दत्तू, सोड ते!" अक्का ओरडली.

"सोडू नका सर!" तात्या ओरडले. "मारुतीपस्तोर सुटली न्हाई पायजे. सुटली तर अपशकुन आसतो!"

हा अपशकुन कुठून आला? माझ्या निबंधात नव्हता! प्रथा जन्माला येऊन महिनाही झाला नव्हता आणि तिला अपशकुनसुद्धा फुटले होते.

"वा सर! क्या नचारे!" बाबूभाई मोबाईलवर व्हिडिओ काढत होता. "मेरे से भी इत्ता नै नाचती!"

गर्दी वाढली. बेकरीवाला बिस्किटांचा ट्रे घेऊन पायरीवर येऊन उभा राहिला. परण्या पुढं सरकेना, मागं सरकेना. तेवढ्यात बायकोनं गर्दीतून वाट काढून माझ्या कानाला फोन लावला. पलीकडं पल्लवी होती.

"मामा, कुठवर आलात? भटजी घाई करून राहिलेत."

"बेकरीपुढं आहे."

"मघाशी पण बेकरीपुढंच होतात!"

"मघापासून मी बेकरीपुढंच आहे, बाळ," मी गिरकी घेत सांगितलं.

ती रडकुंडीला आली. "मामा, काहीतरी करा ना. आईचं बीपी वाढलं असंल." मी काहीतरी करायचं म्हणून सगळा जोर लावून घोडीला पुढं ओढलं. पुढं म्हणजे अर्थातच रिकीब धरूनच ओढलं. हा जोराचा इशारा बिजलीनं मनापासून स्वीकारला आणि ती मागच्या दोन पायांवर उभी राहिली.

योगेश वरून घसरला. मी रिकीब सोडून वर हात केले. मी त्याला झेललं असं म्हणणारे आहेत, पण मी खरं तर तोंड झाकून घेत होतो. तो आला तो माझ्या पाठीवर आदळला आणि दोन्ही हातांनी त्यानं माझ्या गळ्याला मिठी मारली. बाबूभाईनं घोडी बाजूला ओढली.  बँडसुद्धा थांबला. मी वाकून त्याला खाली उतरवू लागलो, तोच तात्यांनी आरोळी ठोकली.

"खाली ठिवू नका! एकदा वर चढलेल्या नवरदेवाचा पाय मारुतीच्या आधी भुईला लागू देत न्हाईत!"

ही चाल खरोखरची होती की तात्यांनी तिथल्या तिथं काढली, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

"मग परत घोडीवर बसवा त्याला!" मी गुदमरत म्हणालो.

"मी मेलो तरी घोडीवर बसणार न्हाई," माझ्या मानेमागून आवाज आला. एवढ्या दिवसांत योगेश पहिल्यांदाच ठामपणे काही बोलला होता, आणि त्याला वेळ हीच सापडली.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. अक्कासुद्धा. मारुतीचं देऊळ समोरच्या चढावर दिसत होतं. जुन्या कादंबरीत हे अंतर एका ओळीत संपलं असतं. मी योगेशचे पाय नीट बगलेत घेतले, कंबर वाकवली आणि चालायला लागलो. बँकेतल्या बसून केलेल्या नोकरीचा प्रत्येक दिवस त्याच्या अंगात साठलेला होता.

तेवढ्यात जीपचं दार उघडलं. दाजी खाली उतरले. त्यांनी एकवार योगेशकडं पाहिलं, मग माझ्याकडं, नीट, खालपासून वरपर्यंत. आणि लग्नापासून रुसलेला तो चेहरा डोळ्यांदेखत फुलला.

"आता जमतंय!" दाजी म्हणाले. "घोडा कोण, हे ठरल्यावर मग रिकीब धरायला आपली ना न्हाई."

त्यांनी सुतळी सोडून चांदीची गाळणी घेतली, योगेशच्या डाव्या पायाच्या बोटांत अडकवली, आणि तो पाय दोन्ही हातांत धरून मोठ्या दिमाखात माझ्याशेजारून चालू लागले. बँड परत सुरू झाला. चढ आला तसा माझा वेग कमी झाला, तर दाजी जिभेनं 'च्यक् च्यक्' करू लागले. मला! एम.ए., पीएच.डी.ला!

"पत्रिकेपरमानं झालं म्हणायचं," तात्या समाधानानं म्हणत होते.

बायको बरोबरीनं चालत पदरानं माझा घाम पुसत होती. "हेल्मेटाचं ऐकलं असतं तर?" ती कानाशी पुटपुटली. मी उत्तर दिलं नाही, कारण तोंडानं मी श्वास घेत होतो.

देवळापाशी एक म्हातारी घोडीला ओवाळायला ताट घेऊन उभी होती. तिला कमी दिसत असावं, किंवा बरोबर दिसत असावं. तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ नि गुळाचा खडा माझ्या तोंडात घातला. मी खाल्ला. खरं सांगायचं तर त्या वेळी तो फार गोड लागला.

लग्न वेळेत लागलं. मामा म्हणून मी पल्लवीच्या मागं उभा राहिलो, थोडा वाकून, कारण सरळ होता येत नव्हतं. अक्षता पडल्या. तिथं मात्र माझं भान सुटलं आणि मी ढसाढसा रडलो. लोकांना वाटलं भाची जाते म्हणून, आणि निम्मं कारण तेच होतं. संध्याकाळी पोरगी सासरी गेल्यावर अक्का माझ्याशेजारी येऊन बसली. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली.  मग तिचे खांदे हलायला लागले. मी घाबरून वर पाहिलं तर ती हसत होती. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. "च्यक् च्यक्!" एवढंच ती मधूनमधून म्हणे आणि परत हसू लागे. भाऊजी गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की मी मोठ्यानं बोलून गेलो, "अक्का, तुझ्या या हसण्यासाठी मी आणखी एक नवरदेव वाहून नेईन!"

मी हे बोललो तेव्हा बँडवाल्यांचा हिशेब मिटवायला मागं राहिलेले तात्या पाठीमागच्या खुर्चीवर बसून पान लावत होते.

परवा उदगीरहून एका अनोळखी गृहस्थाचा फोन आला. आवाज घाबरलेला. त्यांच्या भाचीचं लग्न तात्यांच्या धाकट्या मुलाशी ठरलं होतं.

"सर, तुमी रिकिबीवर मोठं संशोधन केलंय म्हणं. तात्या म्हणून राहिलेत, त्यांच्या घराण्याची लई जुनी चाल हाय. मुलीच्या मामानं नवरदेवाला पाठीवर घेऊन मारुतीला न्यायचं. खरं हाय का हो? माझ्या मणक्यात गॅप हाय सर. कोणत्याच जुन्या पुस्तकात आसं न्हाई, एवढं तुमी तात्यांना सांगितलं तर माझा जीव वाचंल."

मी सद्गदित झालो. संशोधनाचा कुणाला तरी उपयोग होणार, तोही एका माणसाचा मणका वाचवायला! सगळ्या बखरी, सगळे पोवाडे, सगळ्या कादंबऱ्या मी कोळून प्यायलेलो आहे. त्यांत अशी चाल कुठंही नाही. तसं सांगायला मी तोंड उघडलं, आणि सहज म्हणून विचारलं, "पण तुम्ही नाही म्हणालात, तर तात्या काय करणार म्हणाले?"

"म्हणले, मग कायबी हरकत न्हाई. आमचे नांदेडचे सर हायत की. ते सवयीचे हायत, आन् त्यांनी सवताहून शब्द दिलाय."

मी घसा साफ केला.

"चाल जुनी आहे हो," मी म्हणालो. "फारच जुनी. बखरींत तर पानोपानी आहे."